शाळेतील दिवंगत संगीत शिक्षकांसाठी स्वरांजली सभा: कुटुंबाच्या संमतीपासून हिशेबापर्यंत

शाळेतील संगीत शिक्षकांच्या निधनानंतर माजी विद्यार्थी मनापासून एकत्र येतात, सभागृह घेतात, वर्गणी काढतात, आणि तरीही कार्यक्रम संपल्यावर काहीतरी राहून गेल्याची रुखरुख बहुतेकांना लागते. अध्यक्ष, प्रमुख पाहुणे आणि संस्थेचे पदाधिकारी बोलतात, उरलेल्या वेळात पुढे नावारूपाला आलेले एकदोन विद्यार्थी आपली नेहमीची गाणी म्हणतात, आणि ज्या शिक्षकांनी वर्षानुवर्षे रोज सकाळी परिपाठाला पेटी काढून शाळाभर मुलांकडून प्रार्थना म्हणवून घेतली, त्यांचे शिकवणे मात्र त्या दिवशी कोणाच्याच कानावर पडत नाही. शाळेतील संगीत शिक्षकांचे खरे काम गळा नसलेल्या मुलांनाही सुरात आणण्याचे असते. म्हणून त्यांनी शिकवलेली गाणी, त्यांनी शिकवलेल्या साध्या विद्यार्थ्यांनी, त्यांनी बसवली तशी म्हणणे हाच या सभेचा गाभा असायला हवा आणि बाकीचे सारे त्याभोवती रचायला हवे. पुढील टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. क्रम बदलला की काय बिघडते तेही जागोजागी सांगितले आहे.

टप्पा १: आधी कुटुंब, मग तारीख

व्हॉट्सअ‍ॅप गटावर कार्यक्रमाची घोषणा करण्याआधी दोघांनी, शक्यतो ज्यांचे त्या घरी येणे-जाणे होते अशांनी, घरी जाऊन प्रत्यक्ष बोलावे. फोनवर मिळालेला होकार बहुधा भिडेचा असतो. प्रतिमापूजन आणि दीपप्रज्वलन कुटुंबाला चालणार आहे का, घरातील कोणाला बोलायचे किंवा गायचे आहे का, आजारपणाचा किंवा शेवटच्या दिवसांचा उल्लेख टाळावा असे काही आहे का, आणि वह्या, छायाचित्रे व ध्वनिफिती काही दिवसांसाठी मिळू शकतील का, हे याच भेटीत विचारावे. सरांच्या किंवा बाईंच्या पश्चात घरात एकट्या राहिलेल्या व्यक्तीवर पाहुणचाराचा भार पडू नये, म्हणून मोठ्या संख्येने जाऊ नये.

निधनानंतरच्या पंधरवड्यात शाळेत होते ती शोकसभा, आणि ती वेगळी गोष्ट आहे. तिच्यात दोन मिनिटांचे मौन आणि मोजके शब्द पुरेसे असतात; घाईने बसवलेली गाणी तेथे घालू नयेत. स्वरांजली सभेला किमान दहा ते बारा आठवड्यांची तयारी लागते. जन्मदिवस, प्रथम पुण्यतिथी किंवा गुरुपौर्णिमा या तिन्ही तारखा योग्य आहेत, परंतु गुरुपौर्णिमेच्या दिवशी तबलजी आणि पेटीवादक आपापल्या गुरूंकडे गुंतलेले असतात, त्यामुळे तिच्यालगतचा रविवार घेणे अधिक सोयीचे. गणेशोत्सव आणि नवरात्रात ध्वनिव्यवस्था मिळत नाही. शाळेचे सभागृह हवे असेल तर डिसेंबर-जानेवारीतील स्नेहसंमेलनाचे दिवस आणि फेब्रुवारी-मार्चमधील दहावी-बारावीच्या परीक्षा टाळाव्यात, कारण शाळा परीक्षा केंद्र असेल तर त्या काळात कोणतीही परवानगी मिळत नाही.

*तपासा:* तारीख नक्की करण्याआधी कुटुंब, शाळा आणि तबलावादक या तिघांचा होकार हाती असला पाहिजे. तिसऱ्याला सर्वांत शेवटी विचारण्याची पद्धत आहे, आणि तीच पुढे अडचणीत आणते.

टप्पा २: ध्वनिफिती, वह्या आणि आठवणी गोळा करणे

हा टप्पा सर्वांत वेळखाऊ आहे आणि तो गाण्यांची निवड करण्यापूर्वी पूर्ण व्हायला हवा, कारण निवड त्यातूनच होणार आहे.

*कॅसेट.* १९८० आणि १९९०च्या दशकांत शिकवलेल्या शिक्षकांच्या घरी किंवा शाळेच्या कपाटात स्नेहसंमेलनाच्या, समूहगीत स्पर्धांच्या आणि तालमींच्या कॅसेट हमखास सापडतात. कॅसेट मिळाली की उत्साहाने टेपरेकॉर्डरमध्ये घालून लगेच वाजवणे ही या संपूर्ण कामातील सर्वांत महागात पडणारी चूक आहे. अनेक वर्षे पडून राहिलेली फीत पहिल्याच वाजवण्यात अडकते, तुटते किंवा गुंडाळली जाते. त्याऐवजी पुढील क्रम पाळावा.

१. कॅसेट उजेडात धरून पारदर्शक खिडकीतून फितीच्या कडा पाहाव्यात. पांढुरकी बुरशी दिसली तर ती कॅसेट अजिबात वाजवू नये. तिच्यातील बुरशी टेपरेकॉर्डरला आणि तेथून दुसऱ्या कॅसेटला लागते, म्हणून ती या कामातील जाणकाराकडेच द्यावी.

२. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन छोट्या प्लास्टिकच्या चिपा असतात. त्या शाबूत असतील तर चुकून रेकॉर्डचे बटण दाबले जाऊन मूळ आवाज पुसला जाऊ शकतो. दोन्ही चिपा मोडून टाकाव्यात आणि तेथील भोकांवर कोणी चिकटपट्टी लावली असेल तर ती काढावी.

३. फीत जेथे हेडला (टेपरेकॉर्डरच्या आवाज वाचणाऱ्या भागाला) टेकते तेथे तांब्याच्या पट्टीवर नमद्याचा (फेल्टचा) लहानसा तुकडा असतो. तो निखळला असेल तर आवाज दबलेला आणि खरखरीत येतो, आणि आपण उगाच मूळ ध्वनिमुद्रण खराब आहे असे समजतो. दुसऱ्या कॅसेटचे कवच घेऊन फीत त्यात बसवता येते.

४. टेपरेकॉर्डरचे हेड आणि फीत जाते तो धातूचा मार्ग आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसावा आणि पूर्ण वाळू द्यावा.

५. फीत एकदा शेवटापर्यंत पुढे आणि मग सुरुवातीपर्यंत मागे नेऊन मोकळी करावी, आणि त्यानंतरचे पहिलेच वाजवणे थेट संगणकावर मुद्रित करावे. टेपरेकॉर्डरच्या लाइन-आउटमधून तार जोडावी. स्पीकरसमोर मोबाइल धरून केलेली प्रत कामाची नसते.

६. मुद्रण वेव्ह स्वरूपात ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट या दर्जाने करून ती मूळ प्रत कायम जपावी. खरखर कमी करण्याचे प्रयोग तिच्या नकलेवर करावेत, कारण खरखरीबरोबर तंबोऱ्याचा नाद आणि तबल्याची किनारही बघता बघता पुसली जाते.

*सावधान:* कॅसेटवरून गाण्याची पट्टी, म्हणजे त्याचा षड्ज कोणत्या उंचीवर धरायचा ते, ठरवू नये (ती पेटीवरील काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्रमांकाने सांगतात). मुद्रण करणाऱ्या यंत्राचा वेग थोडा कमी-जास्त असला तरी काळी एकमध्ये गायलेले गाणे पांढरी दोनमध्ये ऐकू येऊ शकते.

*वह्या.* शिक्षकांच्या स्वरलिपीच्या (गाण्याचे स्वर खुणांनी लिहिलेल्या) वह्या कुटुंबाकडून आणताना प्रत्येक वहीची नोंद करून पोच द्यावी आणि पहिल्याच दिवशी प्रत्येक पानाचे छायाचित्र क्रमाने, कोरी पाने आणि समासातील खुणा यांसह, घ्यावे. फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नये आणि पाने लॅमिनेट करू नयेत. मधल्या सुट्या चिठ्ठ्या ज्या पानात असतील त्याच पानात परत ठेवाव्यात. त्या बहुधा त्याच गाण्याच्या असतात.

वही वाचताना ती कोणत्या स्वरलिपीत आहे हे आधी ओळखले नाही तर गाणे उलटेपालटे होते. भातखंडे आणि पलुस्कर या स्वर लिहिण्याच्या दोन प्रचलित पद्धती आहेत. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावरचे टिंब तार (वरचे) सप्तक दाखवते आणि स्वराखालचे टिंब मंद्र (खालचे). पलुस्कर पद्धतीत डोक्यावरचे टिंब मंद्र सप्तकाचे असते आणि तार सप्तकासाठी स्वरावर उभी रेघ येते. हीच उभी रेघ भातखंडे पद्धतीत मध्यमावर असेल तर ती तीव्र मध्यमाची खूण असते. कोमल स्वर भातखंडे पद्धतीत आडव्या रेघेने आणि पलुस्कर पद्धतीत हलन्ताने दाखवतात. म्हणून आधी तालाच्या खुणा पाहाव्यात: समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) फुली आणि खालीवर (जेथे टाळी न देता हात बाजूला नेतात त्या मात्रेवर) शून्य असेल तर भातखंडे, समेवर १ आणि खालीवर अधिकाची खूण असेल तर पलुस्कर. एकच खूण परस्परविरोधी अर्थ सांगत असल्याने हा निर्णय एकट्याने न घेता, स्वरलिपी वाचता येणाऱ्या दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळून घ्यावा. काही शिक्षकांनी दोन्ही पद्धतींची सरमिसळ केलेली असते. तेव्हा गाणे ज्यांना पाठ आहे असा एखादा जुना विद्यार्थी हाच खरा आधार ठरतो.

*आठवणी.* "सरांविषयी काहीतरी लिहून पाठवा" असे आवाहन केले की "सर खूप प्रेमळ होते" अशा मजकुराचा ढीग जमतो. त्याऐवजी नेमके प्रश्न पाठवावेत. त्यांनी कोणते गाणे कोणत्या इयत्तेत शिकवले? त्यातील कोणती जागा पुन्हा पुन्हा घोटून घेतली? बेसूर गाणाऱ्या मुलाला ते काय सांगत? ज्यांना गाणे येत नव्हते त्यांना कोणते काम देत? शेवटच्या प्रश्नाची उत्तरे विशेष जपावीत. टाळ, खंजिरी, पडदा ओढणे, वह्या वाटणे अशी कामे देऊन एखाद्या शिक्षकांनी किती मुलांना गाण्याच्या वर्गात टिकवून ठेवले, हे त्यांतूनच कळते, आणि मनोगतासाठी कोणाला बोलवावे हेही तेथेच ठरते.

टप्पा ३: परिचय लिहिणे आणि तपासणे

स्मरणिकेसाठी आणि प्रास्ताविकासाठी एकच परिचय लिहावा, म्हणजे व्यासपीठावर एक आणि छापील दुसरे असे होत नाही. पूर्ण नाव, जन्मतारीख, शाळेतील नियुक्ती आणि सेवानिवृत्तीचे वर्ष, संगीताचे गुरू आणि परीक्षा एवढे तपशील कुटुंबाकडील कागदपत्रांवरून घ्यावेत. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांची नावे लिहिताना नेहमी गोंधळ होतो. मध्यमा पूर्ण, विशारद आणि अलंकार या वेगवेगळ्या पायऱ्या आहेत, आणि विशारद असलेल्या व्यक्तीला 'अलंकार' लिहिणे हा गौरव नसून चूक आहे. प्रमाणपत्र डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पदवी छापू नये. आपल्या प्रेमापोटी 'पंडित' ही उपाधीही नव्याने लावू नये. आयुष्यभर 'सर' किंवा 'बाई' म्हणवून घेतलेल्या व्यक्तीला तीच हाक शोभते.

मजकूर छापण्यापूर्वी कुटुंबातील एका व्यक्तीची त्यावर सही घ्यावी. स्मरणिकेत गाण्यांचे शब्द पूर्ण छापायचे असतील तर कवी हयात आहेत का, किंवा त्यांच्या निधनाला ६० वर्षे उलटली आहेत का हे पाहावे, कारण तोपर्यंत हक्क कवींकडे, त्यांच्या वारसांकडे किंवा ज्यांना ते दिले असतील त्यांच्याकडे असतात. शिक्षकांनी स्वतः बांधलेल्या चालींचे हक्कही त्यांच्या वारसांचेच असतात.

टप्पा ४: गाण्यांची निवड आणि पट्टी

दोन तासांच्या सभेत सात ते नऊ गाणी बसतात, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक समूहाने म्हणायची असावीत. परिपाठाची प्रार्थना, स्नेहसंमेलनातील स्वागतगीत, स्पर्धेसाठी बसवलेले समूहगीत, वर्गात शिकवलेला एखादा छोटा ख्याल (रागातील द्रुत लयीची बंदिश) किंवा सरगमगीत (शब्दांऐवजी सा-रे-ग-म या स्वरनामांनी म्हणायची रचना), आणि शिक्षकांची स्वतःची एखादी चाल असा आवाका ठेवला तर त्यांच्या कामाचे सगळे पैलू येतात. सरगमगीत वगळण्याचा मोह होतो, कारण ते श्रोत्यांना रुक्ष वाटेल अशी भीती असते. माझ्या मते ते अवश्य घ्यावे. सातवी-आठवीत शिकलेले सरगमगीत चाळीस वर्षांनंतरही बहुतेकांना हाताच्या तालासकट पाठ असते, आणि शिकवण्याचा याहून स्पष्ट पुरावा दुसरा नसतो.

एकल गायन दोन किंवा तीनच ठेवावे, आणि गाणाऱ्याने शिक्षकांकडून मिळालेलीच चीज (बंदिश किंवा गाणे) म्हणावी ही अट आधीच सांगावी. तयार ट्रॅकवर गाऊ देऊ नये. ज्या व्यक्तीने पेटी-तबल्याच्या साथीवर मुलांना घडवले, तिच्या सभेत यंत्राच्या साथीला जागा नाही.

आता पट्टीविषयी, कारण बहुतेक समूहगीते येथेच कोसळतात. शाळेत जे गाणे मुलांच्या गळ्याला सोयीच्या उंच पट्टीत म्हटले जाई, तेच आता प्रौढ स्त्री-पुरुष एकत्र म्हणणार असतात. कोणीतरी "सर याच पट्टीत घ्यायचे" म्हणून जुनीच पट्टी धरतो, आणि अंतऱ्याला पुरुष ओरडू लागतात किंवा गप्प होतात. पट्टी ठरवताना सवय न पाहता गाण्याचा विस्तार पाहावा. गाणे मंद्र पंचमापासून मध्य पंचमापर्यंतच फिरत असेल तर पांढरी चारमध्ये दोन्ही आवाज आपापल्या सप्तकात आरामात चालतात. ते मध्य षड्जापासून तार षड्जापर्यंत जात असेल तर पांढरी एक किंवा काळी एक घ्यावी. शंका असेल तर सर्वांना उभे करून गाण्यातील सर्वांत उंच ओळ तीनदा म्हणायला लावावी, आणि तिसऱ्या वेळी आवाज ताणला जात असेल तर पट्टी एका सुराने उतरवावी.

पट्ट्यांची संख्याही मर्यादित ठेवावी. प्रत्येक गाण्याला वेगळी पट्टी घेतली तर तबलजीला दरवेळी हातोडी घेऊन बसावे लागते किंवा दोन-तीन तबले आणावे लागतात. समूहगीते शक्यतो पांढरी एक आणि पांढरी चार या दोनच पट्ट्यांत बसवावीत. पांढरी चारचा पंचम म्हणजे पांढरी एकच असल्याने एकाच तबल्यावर पहिल्या पट्टीतील गाणी षड्जात आणि दुसऱ्या पट्टीतील गाणी पंचमात वाजवता येतात, आणि गाण्यांमधला मोकळा वेळ वाचतो.

*तपासा:* शिक्षकांची स्वतःची पेटी वाजवायची इच्छा असेल, आणि ती असावीच, तर ती किमान दोन महिने आधी उघडून पाहावी. भाता गळतो का, एखादी पट्टी दाबल्यावर खालीच राहते का, सूर दुभंगतात का, हे पाहून जाणत्या पेटी दुरुस्तीवाल्याकडे द्यावी. अनेक जुन्या पेट्यांचा मूळ सूर आजच्या प्रमाण सुरापेक्षा किंचित चढा किंवा उतरलेला असतो. अशा वेळी इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणि तबला पेटीला मिळवून घ्यावेत. सभेसाठी म्हणून तिचे सूर घासून बदलू नयेत. बासरी किंवा कीबोर्ड त्या गाण्यांना घेऊ नये, कारण ते पेटीशी जुळणार नाहीत.

टप्पा ५: तालमी

पंचवीस-तीस जणांच्या समूहाला किमान सहा तालमी लागतात. पहिल्या दोन तालमींत फक्त जुळणी करावी: कोणाला कोणती ओळ कशी आठवते ते ऐकावे आणि १९८५च्या तुकडीला आठवणारी चाल व १९९८च्या तुकडीला आठवणारी चाल यांतील फरक मोकळेपणाने मांडावेत. शिक्षक स्वतःही काळानुसार चाली बदलत असत, त्यामुळे दोन्ही खऱ्या असू शकतात. वही किंवा कॅसेट असेल तर तिचा कौल मानावा, नसेल तर जास्त जणांना जी येते ती घ्यावी, आणि हा वाद दुसऱ्या तालमीत संपवावा. तिसऱ्या तालमीपासून तबला हवाच. पाचवी तालीम उभे राहून आणि वही न घेता करावी. शेवटची तालीम सभागृहातच, पूर्ण क्रमाने, निवेदनासह आणि घड्याळ लावून घ्यावी.

गाणे येत नाही म्हणून मागे राहणाऱ्या विद्यार्थ्यांना आवर्जून बोलवावे आणि प्रार्थनेत व ध्रुवपदांत उभे करावे. दोन पक्क्या आवाजांच्या मध्ये एक कच्चा आवाज अशी रचना केली तर समूह सुरात राहतो. सगळे चांगले गाणारे पुढच्या रांगेत उभे केले की मागची रांग भरकटते. पेटीवर मुख्य चाल वाजवणारी व्यक्ती सर्वांना दिसेल अशी बसवावी.

अमेरिका, इंग्लंड किंवा आखातात असलेल्या विद्यार्थ्यांना ऑनलाइन बैठकीतून थेट समूहगीतात घेण्याचा प्रयत्न करू नये. आवाज पोहोचायला लागणाऱ्या क्षणभराच्या विलंबामुळे एकत्र गाणे तांत्रिकदृष्ट्या जमतच नाही. त्यांना तानपुरा, पेटी आणि तबला असलेली एक आधारफीत पाठवावी. हेडफोनवर ती ऐकत, शांत खोलीत पंखा बंद करून त्यांनी फक्त आपला आवाज मुद्रित करावा आणि सुरुवातीला एक टाळी वाजवावी, म्हणजे सगळ्या फिती जुळवणे सोपे जाते. अशा आवाजांची एक एकत्र फीत सभेपूर्वी तीन आठवडे हाती असावी.

टप्पा ६: क्रम आणि वेळ

क्रम लिहिताना प्रत्येक बाबीपुढे मिनिटे लिहावीत आणि ती संबंधितांना आधी कळवावीत. सभा प्रार्थनेने सुरू व्हावी, दीपप्रज्वलन व प्रतिमापूजन पाच मिनिटांत आणि प्रास्ताविक पाच मिनिटांत संपावे. मनोगते चार किंवा पाच, प्रत्येकी तीन मिनिटे, म्हणजे साधारण ३०० शब्द, लिहून आणलेली असावीत आणि ती सलग न ठेवता गाण्यांच्या मध्ये एकेक पेरावीत. बोलणाऱ्यांत एक सहशिक्षक, संगीत कक्ष उघडून देणारे शिपाईकाका किंवा त्यांच्या घरचे कोणी, एक गाणे न येणारा विद्यार्थी आणि कुटुंबातील एक व्यक्ती एवढे असले की चित्र पुरे होते. राजकीय पाहुणे बोलावू नयेत. ते उशिरा येतात आणि त्यांच्यासाठी सगळा क्रम मोडावा लागतो.

शिक्षकांचा आवाज ऐकवायचा असेल तर तीन-चार मिनिटांचाच भाग निवडावा, तो सभेच्या मध्यावर ठेवावा आणि तेच गाणे लगेच समूहाने प्रत्यक्ष म्हणावे. कुटुंबाला तो भाग आधी खासगीत ऐकवलेला असला पाहिजे. अनेक महिन्यांनंतर तो आवाज अचानक भर सभेत ऐकणे घरच्यांना सोसवतेच असे नाही.

*सावधान:* आभार भैरवीच्या, म्हणजे समारोपाला गातात त्या भैरवी रागातील गाण्याच्या, आधी मानावेत. भैरवी झाल्यावर कोणी माइक हाती घेऊन अल्पोपाहाराची सूचना, सत्कार किंवा राहिलेली नावे वाचू नयेत. भैरवीनंतर काही न गाण्याचा, न बोलण्याचा रिवाज त्या शिक्षकांनीच शिकवलेला असतो, आणि तो त्यांच्याच सभेत मोडला जाणे वाईट दिसते.

टप्पा ७: सभागृह, परवानगी आणि ध्वनिव्यवस्था

शाळेच्या पटांगणात कार्यक्रम घेण्याची इच्छा स्वाभाविक आहे, परंतु ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार ध्वनिवर्धकाला लेखी परवानगी लागते, रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर तो वापरता येत नाही, आणि शाळा व रुग्णालयांभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र असू शकतो. म्हणून बंद सभागृह आणि सायंकाळी पाचची वेळ हा निर्धोक पर्याय आहे. प्रवेश विनामूल्य ठेवावा. हौशी मंडळाने प्रेक्षकांकडून पैसे न घेता केलेल्या सादरीकरणाला १९५७च्या कॉपीराइट कायद्यात सवलत आहे. ती सादरीकरणापुरतीच असल्याने संपूर्ण चित्रफीत इंटरनेटवर जाहीर टाकण्याआधी वेगळा विचार करावा लागतो. कुटुंब आणि सहभागी विद्यार्थी यांच्यापुरती ती खासगी ठेवणे बरे.

ध्वनिव्यवस्थापकाला नुसते "चार माइक लागतील" असे न सांगता कागदावर मांडणी काढून द्यावी: तबला आणि डग्गा यांना एकेक, पेटीला एक, समूहाला उंच स्टँडवर तीन किंवा चार, निवेदकाला एक, आणि समूहाच्या समोर, समूहाकडे तोंड करून ठेवलेला एक मॉनिटर स्पीकर. मॉनिटर नसेल तर समूहाला पेटी ऐकू येत नाही आणि अंतऱ्यापर्यंत सगळे उतरतात. 'इको' जवळजवळ शून्यावर ठेवण्याचा आग्रह धरावा. समूहाच्या माइकवर थेट पंख्याचा वारा येऊ देऊ नये.

पावसाळ्यात सभा असेल तर तबल्याची पुडी (वरचे कातडे) दमट हवेने सैल पडून सूर उतरतो. तबला किमान तासभर आधी व्यासपीठावर आणून तेथील हवेत ठेवावा, मग सुरात लावावा, आणि वादकाने दुसरा तबला हाताशी ठेवावा. वातानुकूलित सभागृहात हे अधिकच गरजेचे असते.

*तपासा, दारे उघडण्यापूर्वी:* तानपुरा, पेटी आणि तबला एका सुरात आहेत. शिक्षकांच्या आवाजाची फीत सभागृहाच्याच यंत्रावर एकदा वाजवून पाहिली आहे. कुटुंबासाठी पुढच्या रांगेतील जागा राखून तेथे कोणालातरी उभे केले आहे. वयस्कर सहशिक्षकांना व्यासपीठावर पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत.

टप्पा ८: निधी, पारितोषिक आणि हिशेब

सभेची वर्गणी आणि स्मृतिनिधी यांचे पैसे पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवावेत. एकाच व्यक्तीच्या खासगी खात्यावर यूपीआयने रक्कम गोळा करण्याची पद्धत सोयीची असली तरी पुढे मैत्रीतही संशय निर्माण करते. दोघांच्या संयुक्त सहीचे खाते उघडावे किंवा शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या पावतीवरच देणगी घ्यावी. त्या संस्थेला प्राप्तिकर सवलतीची मान्यता असेल तर देणगीदारांना तिचा लाभ मिळू शकतो, मात्र २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीवर ही सवलत मिळत नाही, हे आवाहनातच लिहावे.

भावनेच्या भरात स्वतंत्र विश्वस्त संस्था काढण्याचा ठराव होतो. धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी, दरवर्षीचे हिशेब, लेखापरीक्षण आणि विश्वस्तांमधील बदलांच्या नोंदी हे सारे कोण करणार, याचे नावानिशी उत्तर नसेल तर तो विचार सोडावा. संस्थेकडे कायम ठेव ठेवून तिच्या व्याजातून दरवर्षी पारितोषिक देणे बहुतेक गटांना झेपते. रक्कम ठरवताना उलट हिशेब करावा: दरवर्षी ५,००० रुपये द्यायचे असतील आणि व्याज सहा टक्के धरले, तर ठेव सुमारे ८४,००० रुपयांची लागते. व्याजदर उतरला तर काय करायचे, तेही लेखी करारात असावे.

पारितोषिक कोणाला द्यायचे हे ठेवीइतकेच महत्त्वाचे आहे. 'उत्कृष्ट गायक' हा नेहमीचा निकष त्याच मुलांना आणखी एक चषक देतो. त्याऐवजी गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक किंवा प्रवेशिका परीक्षेला बसणाऱ्या, शुल्क परवडत नसलेल्या विद्यार्थ्यांचे परीक्षा शुल्क भरावे, किंवा शाळेतील पेटी-तबल्याच्या वार्षिक दुरुस्तीसाठी व्याज राखून ठेवावे. ज्या शाळेत आज संगीत शिक्षकाचे पदच भरलेले नाही तेथे पारितोषिकापेक्षा आठवड्यातून एक तास शिकवायला येणाऱ्या व्यक्तीचे मानधन अधिक उपयोगी पडते, आणि माजी विद्यार्थ्यांपैकीच कोणी ते काम घेतले तर उत्तम.

सभा झाल्यावर पंधरा दिवसांत जमाखर्च सर्व देणगीदारांना लेखी पाठवावा. त्याच आठवड्यात कॅसेट, वह्या आणि छायाचित्रे पोच पाहून कुटुंबाला परत करावीत, सोबत सगळ्या ध्वनिमुद्रणांची आणि पानांच्या छायाचित्रांची एक प्रत द्यावी, दुसरी शाळेच्या ग्रंथालयात ठेवावी आणि आणखी एकेक प्रत गटातील दोन वेगवेगळ्या शहरांत राहणाऱ्यांकडे असू द्यावी. प्रत्येक प्रतीबरोबर गाण्याचे नाव, अंदाजे वर्ष, ओळखता आलेले आवाज आणि वापरलेली पट्टी यांची छापील यादी जोडावी, कारण यादीविना दिलेल्या फायली काही वर्षांनी कोणालाच लागत नाहीत.